मुंगीखाऊ ओळखायचा असेल तर आधी त्याचं तोंड झाका

फोटोतला प्राणी मुंगीखाऊ आहे की नाही हे ठरवायची माझी पद्धत जरा विचित्र आहे. मी त्याच्या तोंडावर अंगठा ठेवते आणि उरलेला प्राणी बघते. मी प्राण्यांची चित्रं काढते, बहुतेक पाठ्यपुस्तकांसाठी, तक्त्यांसाठी आणि संग्रहालयातल्या फलकांसाठी. या कामात संदर्भासाठी जे फोटो हातात येतात, त्यांच्याखाली लिहिलेल्या नावांवर विसंबून चालत नाही. ‘अँटईटर’ नावाच्या फोल्डरात मला आर्डव्हार्क सापडलाय, खवल्या मांजर सापडलंय, आणि एकदा चक्क टॅपिर. टॅपिर पानं आणि फळं खातो, त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. पण नाक लांब दिसलं की लोक थेट नाव लिहून मोकळे होतात.

म्हणून हे टिपण. चित्र काढणाऱ्यांना, मुलांना शिकवणाऱ्यांना किंवा नुसतंच कुतूहल असलेल्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने लिहिलंय.

तोंड का झाकायचं

लांब निमुळतं मुस्कट, बारीकसं तोंड, चिकट लांब जीभ, दात कमी किंवा नाहीतच, आणि पुढच्या पायांना दणकट नख्या. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणाऱ्या प्राण्यांत हा सगळा संच पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो त्यांना एकाच पूर्वजाकडून मिळालेला नाही. मुंग्या आणि वाळवी अफाट संख्येने असतात, दाटीवाटीने एका जागी राहतात आणि पळून जाऊ शकत नाहीत. त्यामुळे सस्तन प्राण्यांची वेगवेगळी घराणी आपापल्या वाटेने याच जेवणाकडे वळली. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, डायनोसॉर संपल्यानंतर सस्तन प्राण्यांमध्ये निव्वळ मुंग्या-वाळवीवर जगण्याची रीत किमान 12 वेळा स्वतंत्रपणे उपजली.

तेव्हा प्राणी काय खातो हे विचारायचं असेल तर तोंडाला जरूर विचारा. तो कोणाचा कोण लागतो, या प्रश्नावर मात्र तोंडाची साक्ष धरू नका. उलटंही होतं. मुंगीखाऊंमधला सगळ्यात छोटा, रेशमी मुंगीखाऊ, याचं मुस्कट अगदी बेताचं असतं. नुसती लांबी बघणारा माणूस त्याला खारीच्या किंवा एखाद्या छोट्या माकडाच्या शेजारी बसवेल.

आधी कातडी बघा

अंगठा तोंडावर ठेवलात की पहिली नजर अंगावर टाका. एवढ्यानेच अर्धी गर्दी कमी होते.

अंगावर खवले असतील तर ते खवल्या मांजर. आशियात चार आणि आफ्रिकेत चार अशा त्याच्या आठ जाती सर्वमान्य आहेत. खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे. दात याला एकही नाही, जीभ प्रचंड लांब, जेवण तेच मुंग्या-वाळवीचं. इतकं साम्य असून याचा गण वेगळा, फोलिडोटा, आणि हयात प्राण्यांत त्याचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे मांसाहारी गण: मांजरं, कुत्री, अस्वलं. मराठी नावातलं ‘मांजर’ कोणी जनुकं तपासून ठेवलेलं नाही, पण योगायोगाने ते फार लांबही गेलेलं नाही.

काटे असतील तर एकिडना. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला हा प्राणी अंडी घालतो, त्यामुळे नात्याने तो प्लॅटिपसच्या शेजारी बसतो. चित्रकारांसाठी एक सूचना: याच्या मागच्या पायांची बोटं मागे वळलेली असतात. ती पुढे वळलेली काढलीत तर जाणकार तिथेच थांबतो. न्यू गिनीतला लांब चोचीचा एकिडना मुख्यतः गांडुळं खातो, त्यामुळे त्याला सरसकट मुंग्या खाणारा म्हणणंसुद्धा चूक.

विरळ केस, कमानदार पाठ आणि उंच लांब कान असतील तर आफ्रिकेतला आर्डव्हार्क. ट्युब्युलिडेंटाटा या गणात आज तो एकटाच उरलाय. त्याला दाढा असतात, पण त्यांवर इनॅमल नसतं. डेंटिनच्या असंख्य सूक्ष्म नळ्या एकमेकींना चिकटून ती दाढ बनलेली असते. त्याचे नातलग हत्ती, सशाएवढा हायरॅक्स आणि पाण्यात राहणारी मॅनाटी. मुंग्या-वाळवीवर जगणारा हा प्राणी एक फळ आवर्जून खातो: जमिनीखाली धरणारी एक रानकाकडी. आर्डव्हार्क ती उकरून काढतो, पाणी मिळवतो, आणि तिच्या बिया विष्ठेतून पेरतो. मला हा तपशील इतका आवडतो की संधी मिळेल तिथे मी चित्रात ती काकडी घुसडते.

पाठीवर पांढरे आडवे पट्टे आणि झुबकेदार शेपटी असलेला, दिवसाढवळ्या फिरणारा छोटा प्राणी म्हणजे ऑस्ट्रेलियातला नंबॅट. तो कांगारूच्या घोळक्यातला, शिशुधान प्राणी आहे. नुसती वाळवी खातो, पण दात पन्नासच्या आसपास असतात, फक्त बारके आणि निकामी. तरसाची छोटी आवृत्ती वाटावा असा पट्टेरी प्राणी असेल तर तो आफ्रिकेतला आर्डवुल्फ. तो खरोखर तरसांच्या कुलातलाच आहे, वारूळ फोडत नाही, रात्री गवतात चरायला बाहेर पडलेली वाळवी रुंद जिभेने चाटतो. आणि काळं, झिपरं, छातीवर पांढरट इंग्रजी व्हीचा आकार असलेलं असेल तर ते आपलं अस्वल. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. ते खाणाऱ्यांच्या पंगतीत बसतं, एवढंच.

अंगावर चिलखताचे पट्टे दिसले तर मात्र जरा थांबा. तो आर्माडिलो, आणि या सगळ्या यादीत मुंगीखाऊचा खरा नातलग हाच एक. दिसायला सगळ्यात वेगळा! राक्षसी आर्माडिलो वाळवीची वारुळं फोडून खातो, आणि त्याच्या तोंडात 80 ते 100 दात असू शकतात. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत इतके दात दुसऱ्या कोणाला नाहीत. त्याचा हा बिनदाती नातलग शेजारी उभा केला की मुलांना वर्गीकरण म्हणजे काय ते पटकन कळतं.

हे सगळे गाळल्यावर उरतो तो अंगभर केस असलेला, छोट्या गोल कानांचा, अमेरिका खंडांतल्या उष्ण प्रदेशातला प्राणी. आता अंगठा काढायला हरकत नाही, पण मी अजून काढत नाही.

मग पुढचे पंजे

खरी ओळख इथे आहे. मुंगीखाऊच्या नख्या इतक्या मोठ्या आणि आत वळलेल्या असतात की तळवा टेकवून चालणं त्याला जमत नाही. जमिनीवर चालताना तो बोटं आत दुमडतो आणि पंजाच्या कडेवर, बोटांच्या मागच्या बाजूवर भार देतो. मागचे पाय मात्र पूर्ण तळवा टेकून. म्हणून त्याची चाल पुढून डौलदार, मागून फताडी दिसते. पुढचा पंजा कुत्र्यासारखा सपाट टेकवलेलं मुंगीखाऊचं चित्र मला नेहमी दिसतं, आणि दरवेळी माझ्या मनगटाला कळ लागते.

नख्या मोजायच्या असतील तर अशा. राक्षसी मुंगीखाऊच्या पुढच्या पायाला नख्या असलेली चार बोटं, त्यातल्या मधल्या दोन नख्या भल्यामोठ्या. टामांडुआ, म्हणजे मध्यम आकाराचा मुंगीखाऊ, त्याच्या पुढच्या पायालाही चार, त्यातली एक बाकीच्यांना मागे टाकणारी. दोघांच्याही मागच्या पायाला पाच. रेशमी मुंगीखाऊच्या पुढच्या पायाला दोन आणि मागच्याला चार. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनीअसने 1758 मध्ये या तिघांना एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घालून नख्यांच्या आकड्यांवरून नावं दिली: दोनवाला, तीनवाला, चारवाला. ‘तीनवाला’ म्हणजे राक्षसी मुंगीखाऊ, ज्याला प्रत्यक्षात चार नख्या आहेत. शास्त्रीय नाव एकदा पडलं की पडलं, त्यामुळे तो आजही मिर्मेकोफागा ट्रायडॅक्टिलाच आहे. नावावरून नख्या काढायला जाऊ नका.

या नख्या शोभेच्या नाहीत. वारुळाची वाळून दगड झालेली भिंत त्यांनी फुटते. प्राणी कोंडीत सापडला की तो मागच्या पायांवर उभा राहतो, शेपटीचा टेका घेतो आणि पुढचे पाय पसरतो. फोटोत ही पोझ गळाभेटीसारखी दिसते आणि लोक तिच्याखाली लाडिक ओळी लिहितात. ब्राझीलमध्ये शिकारीच्या वेळी कोंडलेल्या राक्षसी मुंगीखाऊने मारलेल्या तडाख्यात माणसं दगावल्याच्या घटनांची वैद्यकीय नियतकालिकात नोंद आहे. ओळ लिहिताना एवढं लक्षात ठेवावं.

नेमका कोणता

राक्षसी मुंगीखाऊ ओळखायला सोपा. शेपटीसकट साधारण 2 मीटर, वजन 27 ते 50 किलो. घशापासून खांद्यावरून पाठीकडे निमुळता होत जाणारा काळा पट्टा, त्याला पांढरी किनार. शेपटी लांब राठ केसांची, झोपताना ती पांघरुणासारखी अंगावर ओढून घेतो. तो जमिनीवर राहतो, गरज पडली तर चांगला पोहतो. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत त्याचा पसारा, पण मध्ये बऱ्याच ठिकाणी तो संपला आहे. उरुग्वेतून तो गेला. अर्जेंटिनाच्या इबेरा पाणथळीत 2007 पासून त्याला पुन्हा वसवण्याचं काम सुरू झालं. आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. वणवे, शेतीखाली गेलेले गवताळ प्रदेश आणि रस्त्यावरची वाहनं ही त्याची मोठी कारणं.

टामांडुआ मध्यम आकाराचा, बहुधा 4 ते 8 किलोंच्या दरम्यान. जमिनीवरही फिरतो आणि झाडावरही चढतो. शेपटीचं टोक जवळजवळ बिनकेसाचं आणि फांदीला वेटोळं घालणारं. शेपटी झुबकेदार आहे की पकड घेणारी, एवढं पाहिलंत तरी राक्षसी आणि टामांडुआ यांची गल्लत होणार नाही. आकाराचा अंदाज फोटोत फसतो, शेपटी फसवत नाही.

टामांडुआच्या जाती दोन आणि खरी डोकेदुखी त्यांचीच. उत्तरेकडचा टामांडुआ मेक्सिकोपासून अँडीजच्या पश्चिमेला वायव्य पेरूपर्यंत मिळतो. त्याच्या सोनेरी अंगावर काळा जाकिटासारखा भाग ठळक असतो. दक्षिणेकडचा अँडीजच्या पूर्वेला, व्हेनेझुएलापासून उत्तर अर्जेंटिना आणि उरुग्वेपर्यंत. त्याच्यात रंगाचा ताळमेळ नाही: कोणी पूर्ण फिका, कोणी तपकिरी, कोणी जवळजवळ काळा, आणि दक्षिणेच्या टोकाकडे पुन्हा ठळक जाकीट. त्यामुळे जाकीट दिसलं म्हणून ‘उत्तरेकडचा’ असं लिहून टाकू नका. फोटो कुठे काढला ते विचारा. ठिकाण कळत नसेल तर नुसतं ‘टामांडुआ’ लिहा, त्यात कमीपणा काही नाही. संपादकांना हे आवडत नाही, पण संपादकांना बऱ्याच गोष्टी आवडत नाहीत.

राहिला रेशमी. वजन 400 ग्रॅमच्या आत, मऊ दाट केस, रात्री हिंडणारा, आयुष्य बहुतेक झाडावर. दिवसा फांदीवर गोळा होऊन झोपतो. सावरीच्या कुळातल्या सेबा झाडाच्या रेशमी बोंडांत तो बेमालूम मिसळतो असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. बरीच वर्षं त्याची एकच जात धरत. 2017 मध्ये संशोधकांनी जनुकं आणि कवट्या दोन्ही तपासून तिच्या सात जाती कराव्यात असं मांडलं, त्यातल्या तीन त्यांनी नव्याने वर्णन केल्या. म्हणून जुन्या पुस्तकात मुंगीखाऊंच्या जाती चार आणि नव्या लिखाणात दहा दिसतात. दोन्हींत कोणी खोटं बोलत नाहीये. तक्ता करताना आपण कोणती मोजणी धरली ते कोपऱ्यात लिहून टाकावं.

आता जेवण

‘मुंग्या खातो’ एवढ्यावर भागवू नका. मुंग्या आणि वाळवी हे दोन निराळे पाहुणे आहेत. मुंग्या मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या गणातल्या. वाळवी मात्र झुरळांच्या घराण्यातली. मुंगीखाऊ दोन्ही खातो, प्रमाण जातीवर, जागेवर आणि ऋतूवर ठरतं. व्हेनेझुएलाच्या ल्यानोस गवताळ प्रदेशात राक्षसी मुंगीखाऊच्या पोटात मुंग्यांचा भरणा जास्त आढळला, ब्राझीलच्या सेराडोत वाळवीची वारुळं त्याच्या रोजच्या फेरीत असतात. टामांडुआ झाडावरच्या घरट्यांकडेही वळतो आणि कधी मधमाश्यांच्या पोळ्यावरही हात मारतो. रेशमी मुंगीखाऊ जवळजवळ निव्वळ मुंग्यांवर.

खाण्याची रीत चित्रात दाखवायची असेल तर हा क्रम. डोळे त्याला फारशी मदत करत नाहीत, तो वासावर चालतो. वासाने वारूळ सापडलं की नखीने एक भोक पाडतो, मुस्कट त्यात घालतो आणि जीभ आतबाहेर सुरू होते, मिनिटाला 150 वेळा किंवा त्याहून जास्त. राक्षसी मुंगीखाऊची जीभ 60 सेंटिमीटरपर्यंत बाहेर येते. ती मावते कुठे, याचं उत्तर छातीत आहे: जिभेचे स्नायू मागे थेट उरोस्थीपर्यंत जाऊन पोचलेले असतात. लाळ दाट आणि चिकट. जबडा आपल्यासारखा खालीवर फारसा उघडत नाही, खालच्या जबड्याच्या दोन बारीक पट्ट्या स्वतःभोवती किंचित फिरतात आणि तोंडाची फट उघडते-मिटते. त्यामुळे आ वासलेला मुंगीखाऊ काढू नका, त्याला आ वासताच येत नाही.

एका वारुळावर तो फार वेळ रेंगाळत नाही. बऱ्याचदा मिनिटभरात आवरतं घेतो. भोक पडलं की सैनिक मुंग्या किंवा सैनिक वाळवी धावून येतात, कुठे चावा, कुठे रासायनिक फवारा. त्यांचा जमाव वाढायच्या आत जेवढं मिळेल तेवढं घेऊन पुढचं वारूळ गाठायचं. यामुळे वारूळ उद्ध्वस्त होत नाही, ते दुरुस्त होतं आणि काही दिवसांनी तिथे पुन्हा जाता येतं. दिवसभरात अशी कितीतरी ठिकाणं करून राक्षसी मुंगीखाऊ 30,000 पर्यंत किडे पोटात घालतो असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. माझ्याकडे एका प्रकल्पात वारूळ पूर्ण फोडून त्यात बसलेला मुंगीखाऊ काढून द्या अशी मागणी आली होती. देखणं चित्र झालं असतं, पण तो प्राणी तसा वागत नाही, म्हणून मी छोटं भोक काढून दिलं.

दात नाहीत, मग चावतं कोण? पोट. जठराचा शेवटचा भाग जाड स्नायूंचा असतो आणि जेवणाबरोबर गिळलेली माती-वाळू तिथे दळणाचं काम करते. जेवण मुळात ताकदीचं नाही. किड्यांच्या अंगात बरंच कठीण कवच असतं आणि सोबत माती येते. त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर दिसतो: शरीराचं तापमान 33 अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मानाने कमी, चयापचय मंद, झोप दिवसाचे 14-15 तास. प्राणिसंग्रहालयात इतक्या मुंग्या रोज पुरवणं अशक्य असल्याने त्यांना कीटकभक्षकांसाठी तयार केलेलं खाद्य दळून, पातळ करून दिलं जातं. बऱ्याच ठिकाणी त्यासोबत अॅव्होकॅडो देतात. म्हणून प्राणिसंग्रहालयातल्या फोटोत मुंगीखाऊ हिरवट लगदा चाटताना दिसला तर त्याला जंगलातल्या आहाराच्या तक्त्यात घालू नका.

वंशवृक्षावर कुठे

वर्गीकरण काढताना मी बाहेरून आत जाते. सगळ्यात मोठी चौकट झेनार्थ्रा. तिच्यात दोन खोल्या: एकीत सिंग्युलाटा म्हणजे आर्माडिलो, दुसरीत पिलोसा. पिलोसाचे पुन्हा दोन भाग: फोलिव्होरा म्हणजे स्लॉथ, आणि व्हर्मिलिंग्वा म्हणजे मुंगीखाऊ. व्हर्मिलिंग्वामध्ये दोन कुलं. सायक्लोपेडिडीत एकटा रेशमी, मिर्मेकोफॅगिडीत राक्षसी आणि टामांडुआ. रेशमीचा फाटा इतरांपासून 3 ते 4 कोटी वर्षांपूर्वी सुटला असावा, म्हणूनच त्याचं मुस्कट, पंजे आणि राहणी इतकी वेगळी.

स्लॉथ हा मुंगीखाऊचा सख्ख्याच्या पातळीवरचा नातलग, हे लोकांना पटत नाही. एक पानं खात लटकलेला, दुसरा वारुळामागून वारूळ पालथं घालणारा. पटवायचं असेल तर पाठीचा कणा दाखवा. झेनार्थ्रांच्या कमरेकडच्या मणक्यांना नेहमीच्या सांध्यांशिवाय जादा सांधे असतात. त्यांनी कमरेचा भाग ताठ आणि बळकट होतो, उकरताना, उभं राहताना टेका मिळतो. श्रोणीचं हाडही कण्याला बाकीच्या सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त ठिकाणी जोडलेलं असतं. आर्माडिलो, स्लॉथ, मुंगीखाऊ आणि नामशेष झालेले जमिनीवरचे महाकाय स्लॉथ हे सगळे याच हाडांच्या खुणेने एकत्र येतात. दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षं बेट होती, त्या काळात ही मंडळी तिथे आपापली वाढली. पनामाची जमीन जोडली गेल्यावर, सुमारे 30 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, यातले काही उत्तरेकडे सरकले. मेक्सिकोतल्या सोनोरात राक्षसी मुंगीखाऊचे जीवाश्म मिळाले आहेत, म्हणजे आजच्या हद्दीच्या पुष्कळ वर.

जुनी पुस्तकं हाताशी असतील तर त्यांत ‘एडेंटाटा’ किंवा दंतहीन असा गण सापडेल. लिनीअसने मुंगीखाऊ, स्लॉथ, खवल्या मांजर, हत्ती आणि मॅनाटी एकत्र ठेवले होते आणि आर्माडिलोला डुकराच्या आणि साळिंदरासारख्या दिसणाऱ्या हेजहॉगच्या पंगतीला. पुढे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएच्या वर्गीकरणातून मुंगीखाऊ, स्लॉथ, आर्माडिलो, खवल्या मांजर आणि आर्डव्हार्क अशी दंतहीनांची मोट बांधली गेली. आर्डव्हार्क आणि खवल्या मांजर त्यातून बाहेर काढल्यावर उरलेल्यांना अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड कोप याने 1889 मध्ये झेनार्थ्रा नाव दिलं. जुनं चित्र नव्याने रंगवून वापरायचं असेल तर निदान गणाचं नाव बदला.

तज्ज्ञही तोंडाला भुलतात याचा दाखला जर्मनीतल्या मेसेल खाणीत आहे. सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीचा एक सुंदर सांगाडा तिथे मिळाला. 1981 मध्ये त्याचं वर्णन झालं आणि मुंगीखाऊ समजून त्याला युरोटामांडुआ नाव मिळालं. दक्षिण अमेरिका बेट असताना मुंगीखाऊ युरोपात पोचला कसा, यावर बराच खल झाला. कण्यात ते जादा सांधे नीट सापडेनात. आज त्याला खवल्या मांजराच्या बाजूच्या फाट्यात ठेवतात.

फोटोतले चकवे

राक्षसी मुंगीखाऊचा पुढचा पाय पांढरट आणि त्यावर काळे डाग असतात. बाजूने पाहिलं तर तो पांडाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. ‘मुंगीखाऊ पांडाला घेऊन चाललाय’ असे फोटो फिरतात, तो पायच असतो.

पाठीवर पिल्लू असलेल्या मादीचा फोटो काळजीपूर्वक बघा. पिल्लाचा पट्टा आईच्या पट्ट्याला जुळून बसतो आणि पिल्लू दिसेनासं होतं. रेखाटनात हा पट्टा तुटक काढलात तर पिल्लू उठून दिसेल, पण लपण्याची सगळी गंमत जाईल.

पेंढा भरलेला प्राणीही ओळखता यायला हवा. 2017 च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत एका बक्षीसपात्र फोटोत ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातलं चमकणारं वारूळ आणि त्याकडे जाणारा मुंगीखाऊ होता. वारुळाची चमक खरी, ती एका भुंगेऱ्याच्या अळ्यांची. मुंगीखाऊ मात्र उद्यानाच्या अभ्यागत केंद्रात ठेवलेल्या पेंढा भरलेल्या नमुन्याशी केसांचे झुबके, मानेवरच्या खुणा आणि उभं राहण्याची ढब या सगळ्यांत जुळतो, असं तज्ज्ञांनी सांगितलं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने 2018 मध्ये तो फोटो अपात्र ठरवला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. माझ्यासाठी त्यातली कामाची गोष्ट ही की दोन प्राण्यांचे झुबके हुबेहूब सारखे असत नाहीत. एकाच संदर्भावरून कळप काढू नका. तसाही मुंगीखाऊ एकटा हिंडतो.

आणि नर की मादी असं विचारलं तर फोटोवरून सांगू नका. नराची वृषणं पोटात असतात, बाहेरून फरक जवळजवळ कळत नाही. पाठीवर पिल्लू असेल तर मादी लिहा, नसेल तर ती जागा कोरी सोडा.